नानांची नाजूक छाती

जळगावात राहून भरिताला विरोध करणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमचे घरमालक, तुकारामनाना.

वांग्याशी त्यांचं वैर नव्हतं, धुराशी होतं. थंडी पडली की गल्लीच्या तोंडाशी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्या जाळावर वांगी भाजायची आणि सगळ्यांनी मिळून भरित-पुरी खायची, अशी गल्लीची रीत होती. पऱ्हाट्यांचा भारा येऊन पडला की नाना कानटोपी घालून यायचे आणि सरळ त्या भाऱ्यावर बसायचे. कुणी उठवायला गेलं तर छातीवर हात ठेवून म्हणायचे, "मनी छाती नाजूक शे, भो." मग खोकायचे. तो खोकला मागच्या गल्लीतही ऐकू जाई. शेवटी लोक वांगी उचलून दुसरीकडे जात. जाताना कुणीतरी म्हणेच, की धुळ्याचा माणूस, त्याला भरिताची काय कदर.

मी रावेरकडचा. वडील ट्रकमध्ये केळी भरायचे. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे शहरातली माणसं अशीच असतात की नाना वेगळे आहेत, हे मला आधी कळत नव्हतं. त्यांनी मागची खोली दिली ती एका अटीवर: स्टोव्ह अंगणात पेटवायचा, तोही वारा धूर घरापासून लांब नेईल अशा बाजूला. वारा कळावा म्हणून त्यांनी गच्चीवर काठीला जुन्या लुगड्याची पट्टी बांधली होती. मी विज्ञान शाखेला होतो, पण चहा टाकण्याआधी वर बघायची सवय मला तिथं लागली.

नानांची नोकरी धुळ्याला जकात नाक्यावर झालेली. निवृत्त झाले तरी नाका सुटला नव्हता. ओट्यावरून प्रत्येकाला अडवायचे, "थांब रे भो. काय लई चालना?" काय घेऊन चाललास, हा नाक्यावरचाच प्रश्न. खिशात बिडी सापडली की माणूस आल्या वाटेनं परत. झाडणारीनं आधी पाणी शिंपडल्याशिवाय केरसुणी टेकवायची नाही. उदबत्तीसुद्धा देवाला नुसती दाखवायची, पेटवायची नाही. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. माझी नक्कल बरी होत असे.

त्यांची बायको, अक्का, मात्र साधी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी धुळ्याच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडला होता. त्याही खोकायच्या, पण पदरात, दाराआड, कुणाच्या लक्षात येणार नाही इतपत. मी एकदा विचारलं तेव्हा हसल्या. "मले काय व्हयनं शे? नाजूक तर त्या शेतस." त्या म्हणजे नाना.

त्या नाजूक माणसासाठी अक्कांनी काय काय सोडलं होतं. चूल मोडून गॅस घेतला, कारण नानांना धूर सोसत नाही. पहाटेचं गार पाण्यानं अंगण सारवणं बंद केलं, कारण दाराची फट उघडली की नानांना गारठा लागतो. रोज संध्याकाळी नाना वाफारा घेत. पण गोधडीखाली एकट्याला जीव घाबरतो म्हणून अक्कांना सोबत बसवत. अंगणातून पाहिलं की एका गोधडीखाली दोन डोकी आणि वरून वाफ. हळदीचं दूध अर्धं पिऊन उरलेलं अक्कांपुढे सरकवत, टाकून कशाला द्यायचं म्हणून. डॉक्टरकडे जातानाही अक्का सोबत हव्यात. तिथं सुईला घाबरून आधी अक्कांनाच तपासायला लावत, अशी गल्लीत ख्याती होती. इतका भित्रा पुरुष कुणी पाहिला नव्हता.

त्या वर्षी नाना भाच्याच्या लग्नाला धुळ्याला गेले. घरचं लग्न, टाळता येईना. अक्कांना थंडीत एसटीचा प्रवास नको म्हणून मागे ठेवलं. सकाळी नाना गेले आणि दुपारी पऱ्हाट्यांचा भारा आला. गल्लीत सण असल्यासारखं झालं. बायकांनी अक्कांना हाक मारली, कारण वांगं कुठवर भाजायचं हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. अक्का जाळापुढे बसल्या त्या शेवटचं वांगं उतरेपर्यंत. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. भरित फार चांगलं झालं होतं.

दिवस मावळताना नाना आले. धूर अजून गल्लीत रेंगाळत होता. आता ते ओरडणार म्हणून आम्ही सगळे तयारीत होतो. पण ते सरळ आत गेले, आणि लगेच बाहेर येऊन मला म्हणाले, रिक्षा आण.

अक्कांना श्वास पुरत नव्हता. त्या स्थितीतही त्यांचा हात नानांच्या मफलरवर होता, तो सारखा करत होत्या.

डॉक्टरांनी त्यांना आत निजवून प्राणवायू लावला आणि बाहेर आले. नेहमीचे डॉक्टर, रागावलेले होते. म्हणाले, किती वर्षं सांगतोय, यांचा ब्राँकायटिस जुना आहे, गेलेलं परत येत नाही, उरलंय तेवढं सांभाळायचं. धूर नको, धूळ नको, गारठा नको. मी नानांकडे पाहत होतो. मला वाटलं, डॉक्टर नानांबद्दल बोलताहेत. मी तसं विचारलंही.

"यांना काय झालंय?" डॉक्टर म्हणाले. "यांची छाती पैलवानासारखी आहे."

डॉक्टर आत गेल्यावर नाना बाकावर बसले. कानटोपी काढून मांडीवर ठेवली. तिच्याशिवाय मी त्यांना पहिल्यांदा पाहत होतो.

"तिनाकरता सांगं तर ती ऐकस नही," ते म्हणाले. "मनाकरता बठ्ठं करस." नानांसाठी म्हटलं की अक्का सगळं करत, हे मी पाहिलंच होतं.

अक्का घरी आल्या, पण पुन्हा ओट्यापर्यंत आल्या नाहीत. नाना घरात खोकतच राहिले, मोठमोठ्यानं, अक्कांना ऐकू जावं म्हणून. उन्हाळा लागायच्या आत अक्का गेल्या.

नंतर घरातून खोकला ऐकू आला नाही. गच्चीवरची पट्टी पावसाळ्यात फाटून गेली. नानांनी दुसरी बांधली नाही.

पुढच्या थंडीत भारा आला, पण कुणी काडी लावेना. शेवटी दोघे-तिघे नानांकडे गेले, मीही होतो. भीत भीत विचारलं, की इथं पेटवू का, नाहीतर मागच्या गल्लीत जातो. नानांनी भाऱ्याकडे पाहिलं.

"पेटाडा," ते म्हणाले. "मनी छातीले काय बी व्हत नही."

जाळ लागला. नाना येऊन अक्का बसल्या होत्या त्याच जागी बसले. थोड्या वेळानं वारा फिरला आणि सगळा धूर आमच्या अंगावर आला. आम्ही सगळे खोकलो.

नाना खोकले नाहीत.