सदस्य क्रमांक नऊ मागून येत आहे

ज्या गोष्टीची नोंद नाही, ती घडलेली नाही. औषधांच्या कारखान्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि निवृत्तीच्या दिवशी, केक कापायच्या आधी, पुन्हा एकदा विचारून घेतात. डब्लिनजवळच्या अशा एका कारखान्यात मी चौदा वर्षं इतरांच्या नोंदी तपासतो आहे.

माझी बायको विभावरी गेली ती फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, अकरा वाजून पाच मिनिटांनी. मला कळलं अकरा पंचेचाळीसला. मधली चाळीस मिनिटं पूर्णपणे नियमाला धरून होती. मी निर्जंतुक खोलीत होतो आणि तिथे फोन नेता येत नाही. शिफ्टप्रमुख आशिषनं काचेला बाहेरून कागद लावला : ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलचा फोन आहे, बाहेर या. मी अंगठा दाखवला आणि ठरलेल्या क्रमानं निघालो. आधी वरचे हातमोजे, मग गॉगल, टोपी, झगा, बूट, आतले हातमोजे, शेवटी हात धुणं. (घाई केली तर अंगावरचे कण उडतात.) नोंदवहीत बाहेर पडल्याची वेळ टाकली, सही केली. पुढे तपासणीला आलेल्या बाईंनी ते पान नीट नोंद कशी असते याचा नमुना म्हणून दुसऱ्यांना दाखवलं.

आमचं इथलं मराठी मंडळ अशा प्रसंगी फार कार्यक्षम असतं. तेरा दिवसांत सदतीस डबे आले, त्यांतल्या एकतीसमध्ये पुलाव होता. सल्लेही आले. एकोणीस जणांनी 'स्वतःला वेळ द्या' म्हटलं, अकरा जणांनी कुठेतरी फिरून या म्हणून सांगितलं, सात जणांनी ध्यान सुचवलं आणि एकानं कुत्रा. डबे परत करताना कुणाचा कुठला ते कळेना, कारण झाकणांवर नावं लिहायची सूचना विभानं दरवर्षी गणपतीत करूनही कुणी पाळली नव्हती.

बाराव्या दिवशी मेल आली. 'अभिनंदन! तिबेटच्या पठारावरील मार्गदर्शित मोटरसायकल प्रवासासाठी आपल्या दोन जागा निश्चित झाल्या आहेत.' जानेवारीत विभानं फॉर्म भरला होता.

पुण्यात होतो तेव्हा आमच्याकडे मोटरसायकल होती. मी चालवायचो, ती मागे बसून रस्ता सांगायची. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे उजवीकडे, डाव्या खांद्यावर म्हणजे डावीकडे, दोन्ही खांद्यांवर एकदम म्हणजे चुकलात. इथे आल्यावर गाडी घेतली. गाडीत नकाशा बोलायला लागला तेव्हा विभा म्हणाली होती, की तुम्ही त्या बाईचं निमूट ऐकता तसं माझं कधी ऐकलं नाहीत. तिबेट हा तिचा त्यावरचा उपाय होता. तिथे नकाशा चालत नाही असं तिनं कुठेतरी वाचलं होतं.

या सहली काढणारा प्रसन्न सिटीवेस्टमध्ये आमच्या मागच्याच रांगेत राहतो. आठवडाभर सॉफ्टवेअर लिहितो आणि उरलेल्या वेळात लोकांना उंचावर नेतो. त्याच्या माहितीपत्रकात म्हटलं आहे की चार हजार मीटरच्या वर माणूस स्वतःला भेटतो. (खाली भेटतो तो कोण, याचा खुलासा नाही.) मी त्याला सांगायला गेलो की आमच्या दोन्ही जागा रद्द कर. तो फार चांगल्या मनाचा मुलगा आहे. त्यानं चहा केला आणि नमुना चार काढला.

"दादा, तुमचं नाव मी काढतो," तो म्हणाला. "वहिनींच्या नावावर फक्त एक रेघ मारा. शेजारी सही, तारीख आणि कारण."

ही पद्धत मला नवीन नव्हती. आमच्याकडे चुकीची नोंद पुसायची नसते, पांढऱ्या शाईनं झाकायची नसते, गिरवून काळी करायची नसते. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. चौदा वर्षांत अशा रेघा मी किती मारल्या आणि मारायला लावल्या याची मोजदाद नाही. मी पेन काढलं.

नमुना चारला विभाचा मूळ फॉर्म टाचलेला होता. अक्षर तिचं. नाव, वय, रक्तगट. छंद या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'नवऱ्याला रस्ता सांगणे.' खाली नाव वगळण्याची तीन कारणं छापलेली होती : रजा मंजूर नाही, प्रकृती ठीक नाही, मन बदलले.

"'मन बदलले'वर खूण करून टाका," प्रसन्न म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं कढत चहा एका दमात संपवला.

विभाचं मन बदललेलं नव्हतं. मी खोटी नोंद करत नाही, असं सांगून मी पेन खिशात ठेवलं.

मुलगी सुरुची किलकेनीला नर्सिंगच्या प्रशिक्षणाला आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इथल्या इंग्रजीत देते. फोनवर सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "बाबा, इट्स ओन्ली अ लाइन, लाइक." मग म्हणाली, जाऊन या, यू'ल बी ग्रँड. (इथे ग्रँड म्हणजे ठीक.)

रेघेशिवाय विभाची जागा रद्द होत नव्हती, आणि रेघ मारायची नसेल तर जावं लागणार, हे उघडच होतं. एक रेघ टाळायला माणूस दोन हजार किलोमीटर मोटरसायकल चालवतो का, हे मला कुणी विचारलं नाही. तसा रकाना नव्हता.

पूर्वतयारी विकलोच्या डोंगरांत झाली. तिथला घाट पाचशे मीटर उंच आहे आणि तिबेटातल्या खिंडी पाच हजार, म्हणजे हिशेबानं तयारी दहा टक्के झाली. उरलेली नव्वद टक्के पावसानं भरून काढली. प्रसन्ननं प्रत्येकाला नावाची चिकटपट्टी लावलेलं हेल्मेट दिलं. मला दोन मिळाली, आणि पुढे मी दोन्ही बरोबर नेली. व्हॉट्सॲपवर गट केला, त्यात विभाचा नंबर होताच. सूचना सर्वांनी वाचल्याची निळी खूण येईपर्यंत पुढची सूचना येणार नाही, असा नियम होता. सगळे खोळंबले तेव्हा मी विभाचा फोन चार्ज केला, आणि तेव्हापासून प्रत्येक सूचना दोनदा वाचू लागलो. (हेल्मेटचा पट्टा कसा लावावा हे मला आता कुणापेक्षाही जास्त कळतं.)

तिबेटात परदेशी माणसाला एकट्यानं हिंडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आमचा मार्गदर्शक नोर्बू हा पन्नाशीचा, शांत, सतत मोजणारा माणूस होता. पहिल्या चौकीवर त्यानं परवाना दिला, शिपायानं नावं मोजली, नऊ भरली, शिक्का मारला. माणसं मोजायची राहिली. ती आठ होती.

चूक पुढच्या चौकीवर नोर्बूच्या लक्षात आली. मी त्याला मृत्यूचा दाखला दाखवला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, वाचला आणि तसाच दोन्ही हातांनी परत दिला. मग त्यानं अडचण सांगितली. दाखल्याप्रमाणे बाई फेब्रुवारीत गेल्या आणि परवान्याप्रमाणे काल सकाळी आत आल्या. दोन्हींवर शिक्के आहेत. नऊचे आठ झाले तर शोधपथक येईल आणि त्याचा परवाना जाईल. त्याच्या तक्त्यात माणसासाठी तीन रकाने होते : हजर, आजारी, मागून येत आहे.

"सर, मॅडम आजारी आहेत का?" नोर्बूनं विचारलं.

मी म्हटलं, आता नाहीत.

त्यानं तिसऱ्या रकान्यात खूण केली. खरं तर पुढे गेलेली ती, मागून जाणारा मी. पण तक्ता आखणाऱ्यानं तेवढा विचार केलेला नव्हता.

एकदा नोंद झाली की व्यवस्था उभी राहायला वेळ लागत नाही. पाच दिवसांत विभाच्या नावे उकडलेली अंडी, प्राणवायूचं एक नळकांडं आणि प्रत्येक जेवणाला एक खुर्ची असे. चौकीवर शिपाई विचारत, नववा? नोर्बू म्हणे, मागून येत आहे. शिपाई रस्त्याकडे बघत. तिथे दहा-दहा किलोमीटर सरळ दिसतं, उडालेली धूळही दिसते. आम्ही आठही जण मग त्या बाजूला बघायचो. किलकेनीचा निवृत्त पोस्टमन नोएल आमच्यात होता. एका चौकीवर शिपाई जरा जास्त वेळ बघत राहिला, तेव्हा तो त्याला म्हणाला, "शी'ल बी आलाँग नाऊ, डोन्ट वरी." त्यानं चाळीस वर्षं पत्रं वाटली होती. उशिरा येणाऱ्या गोष्टींवर त्याचा विश्वास होता.

रोज संध्याकाळी बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा आणि तक्त्यात भरायचा. एकही चौकोन रिकामा ठेवायचा नाही. माझे आकडे असे : ८८, ८४, ८१, ८३. विभाचे मी भरले : ९८, ९८, ९८, ९८. मी खोटी नोंद करत नाही, असं वर लिहिलं आहे. ते तिथपर्यंत खरं होतं. आमच्याकडे एखाद्यानं सलग चार दिवस एकच आकडा लिहिला तर आम्ही चौकशी बसवतो. मी स्वतःला पहिल्याच दिवशी पकडलं असतं. पाचव्या दिवशी संशय येऊ नये म्हणून ९७ लिहिला आणि रात्रभर चैन पडलं नाही. सहाव्या दिवशी पुन्हा ९८ केला.

सर्वांत उंच खिंडीत वारा इतका होता की मोटरसायकल उभी राहीना. पुढे रस्ता फुटत होता. मी थांबलो आणि वाट बघत राहिलो. मागच्या नोएलला वाटलं मला चक्कर आली. तसं काही नव्हतं. डावीकडे की उजवीकडे ते मला कळत नव्हतं. नोर्बूनं जीपमधून हात दाखवला तेव्हा मी उजवीकडे गेलो.

बाराव्या दिवशी शेवटची चौकी आली. इथे परवाना जमा करायचा आणि मग विमानतळ. नोर्बू मला बाजूला घेऊन गेला. त्याच्या हातात प्रसन्नच्या कागदपत्रांतला नमुना चार होता, विभाच्या फॉर्मसकट.

"सर, इथे तिसरा रकाना नाही," तो म्हणाला. "आत नाहीतर बाहेर. तुम्ही रेघ मारा. मी सांगतो, नाव चुकून लिहिलं होतं."

"त्यांनी ऐकलं नाही तर?"

"तर मी दुसरं काम बघेन. पण रेघ असली तर ऐकतील."

बारा दिवस या माणसानं माझ्या बायकोची वाट पाहिली होती. मी पेन उघडलं. रेघ हातानंच मारतात, पट्टी लागत नाही. टोक विभाच्या 'वि'च्या वेलांटीवर टेकवलं, तेवढ्यात जाकिटाच्या आतल्या खिशात तिचा फोन थरथरला. प्रसन्नची सूचना असणार, निळी खूण दिल्याशिवाय सुटका नाही, म्हणून सवयीनं काढून अंगठा लावला.

सूचना नव्हती. सुरुचीचा निरोप होता, आईला. 'मॅम, इज ही ईटिंग? डोन्ट लेट हिम गो टू फास्ट.' त्याच्या वर आणखी होते; या फोनवर मी गटाखेरीज आजवर काही उघडलंच नव्हतं. पहिला फेब्रुवारीतल्या त्या बुधवारचा. परीक्षेचा निकाल होता, भाताला पाणी किती घालायचं हे विचारलेलं होतं, किलकेनीच्या किल्ल्याजवळच्या एका बदकाचा फोटो होता. मी नंतर मोजले, एकशे त्र्याहत्तर. मी अंगठा लावताच सगळ्यांच्या खुणा सुरुचीकडे निळ्या झाल्या असणार.

मी पेनाला टोपण लावलं आणि नमुना चार तसाच खिशात ठेवला.

 चौकीतला अधिकारी बाहेर आला. आठ माणसं एका जागी उभी राहत नव्हती, कुणी पाणी पीत होतं, कुणी लघवीला गेलं होतं. तेव्हा त्यानं सोयीचं ते मोजायला घेतलं. भिंतीच्या कट्ट्यावर नोएलनं सगळ्यांची हेल्मेटं ओळीत मांडली होती, नावं पुढे करून. अधिकाऱ्यानं बोट ठेवत मोजलं. नऊ. परवान्यावरची नावं ताडून पाहिली. नऊ. शिक्का मारला. नोर्बू जीपच्या मागे जाऊन बसला आणि बराच वेळ आला नाही.

तर अशा रीतीनं विभा तिबेटात गेली आणि परत आली. तसं प्रमाणपत्रही घरी आलं आहे. अभिप्रायाचा फॉर्म तिनं अजून भरला नाही म्हणून प्रसन्नच्या यंत्रणेकडून तिला दर सोमवारी आठवण येते.

आमच्या धंद्यात दोन नोंदी एकमेकींशी जुळत नसतील तर तीस दिवसांत खुलासा लिहावा लागतो. परत आल्यापासून आज सेहेचाळिसावा दिवस आहे.

नोर्बूला आणि मला हसायला हरकत नाही. मी परवा आमच्या मंडळाचा गट तपासला. सभासद दोनशे चौदा. त्यांतले सहा हयात नाहीत, त्यांना कुणी काढलेलं नाही, आणि दोघांना गेल्या महिन्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या, फुलांसकट. तुमचाही फोन जवळच असेल. यादी एकदा वरपासून खालपर्यंत बघा. जे नाव आलं की अंगठा थांबतो, ते तुम्ही कुठल्या रकान्यात ठेवलं आहे ते मी विचारणार नाही. तपासणीला कुणी आलं तर कारण मात्र तयार ठेवा. छापलेली तीनच आहेत.

नमुना चार स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये आहे (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही), गोड्या मसाल्याच्या डब्यामागे. रेघ मारलेली नाही. खुणा निळ्या झाल्याचं सुरुचीनं पाहिलं असणार. ती त्याबद्दल बोलली नाही आणि मीही नाही. तिनं भाताला पाणी किती घालायचं ते विचारलं होतं. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं आहे.