लॉरीचे पाटे

प्रांतसाहेब रविवारी भाज्याची लेणी पाहायला जाणार आणि त्यांना नेण्याचा मान आपल्या मोटारीला मिळाला, ही बातमी घेऊन दीनानाथपंत वकील घरी परतले, तेव्हा त्यांची मोटार स्वतःच्याच फाटकात बसली. बिघडली नाही, बसली. इंजिन चालू होते, चाके फिरत होती. फक्त मोटारीचे मागचे अंग फाटकाच्या उंबऱ्यावर टेकले होते आणि पुढचे अंग घराकडे जाण्याची इच्छा व्यक्त करीत होते. पंत उतरले, त्यांच्यामागून दोन पक्षकार उतरले, तेव्हा कुठे ती बोटभर वर आली आणि कण्हत आत शिरली.

“साहेबांना यातून नेणार?” ओसरीवरून इंदिराबाईंनी विचारले. “साहेबांचा देह पाहिलाय ना तुम्ही? ते बसले की मोटार जमिनीत जायची.”

प्रश्न रास्त होता आणि त्यात पंतांचे सर्वस्व अडकलेले होते. पंतांना रावसाहेब व्हायचे होते. लोणावळ्यात हवा पालटायला आलेल्या कोणालाही चिक्कीवाला रावसाहेब म्हणतो, तसे नव्हे, सरकारने म्हटलेले. नवीन वर्षाच्या यादीसाठी शिफारस करायची ती प्रांतसाहेबांनी, आणि प्रांतसाहेब रविवारी दोन-तीन तास पंतांच्या शेजारी बसणार होते. असा पक्षकार, अशी संधी आणि असा न्यायाधीश एकाच गादीवर पुन्हा येणार नव्हते.

दोष मोटारीचा नव्हता. खंडाळ्याच्या एका शेटजींकडून पंतांनी ती घेतली तेव्हा ती उघडी, हलकी आणि अल्लड होती. पंतांनी तिला प्रतिष्ठित केले. कापडी टप काढून सागवानी छप्पर बसवले. लिलावात घेतलेला सोफा मागच्या जागेवर ठोकला. दोन्ही बाजूंना पितळी कठडे आले, पुढे बग्गीचे दिवे आले, मागे सामानासाठी लोखंडी मचाण आले. मूळची म्हणावी अशी तिच्यात चाके राहिली होती आणि चाकांवरचे ते पोलादी पाटे, ज्यांच्यावर मोटारीचा सगळा भार झुलतो. शेटजींच्या हवाखोरीसाठी घडवलेले ते पाटे पंतांची प्रतिष्ठा पेलता पेलता सपाट झाले होते.

“गाडी म्हातारी नाही झाली, वकीलसाहेब. श्रीमंत झालीय,” मकसूद मिस्त्री खाली वाकून म्हणाला. पंतांच्या मोटारीचा मिस्त्रीही तोच आणि ड्रायव्हरही तोच. “पाटे बदलावे लागतील.”

“बदल. पण असे बसव की पुन्हा दबता कामा नयेत. कोणीही बसो.”

“कोणीही?”

“साहेब बसोत, नाहीतर साहेबांची कचेरी बसो. मोटार तसूभर खाली येता कामा नये.”

“मग बघाच तुम्ही,” मकसूद म्हणाला. हे वाक्य तो ज्या कामापूर्वी म्हणे, ते काम लोक खरोखरच बघायला येत.

वलवणला रस्त्याच्या कामावर खडी वाहणारी एक लॉरी मोडीत निघाली होती. मकसूदने तिचे पाटे आणले, ठोकून-कापून मोटारीला बसवले आणि शुक्रवारी संध्याकाळी मोटार दारात उभी केली. ती आता हातभर उंच झाली होती. मकसूद मागच्या मचाणावर चढून उड्या मारू लागला. मोटार हलली नाही.

“आहे का दबत?”

“नाही!” पंत आनंदाने म्हणाले. त्यांना ती मोटार त्या क्षणी थेट सरकारी दिसली.

शनिवारी रंगीत तालीम झाली. इंदिराबाई सत्यनारायणाच्या चौरंगावर पाय देऊन वर चढल्या. दुसरे काही तेवढे उंच घरात नव्हते. मोटार बाजारातून बाहेर पडली आणि पुणे रस्त्याला लागली. तिथे पहिला खड्डा आला. खड्डा लहानच होता; पण मोटारीने तो जसाच्या तसा सोफ्याकडे पोचवला. पंत वर गेले. सागवानी छप्पर तिथे होतेच. पंत खाली आले तेव्हा त्यांची पगडी कानांपर्यंत उतरली होती.

“मकसूद, हळू!”

“हळूच आहे, साहेब. ह्याहून हळू म्हणजे उभी.”

वलवण येईपर्यंत दोघेही बऱ्याच वेळा वर जाऊन आले. वलवणला इंदिराबाईंनी मोटार थांबवायला लावली.

“मी घरी चालत जाते. आणि अहो, साहेबांना हिच्यातून न्याच. रावसाहेब करतील की नाही ठाऊक नाही, पण तुम्हाला विसरणार नाहीत.”

त्या गेल्यावर पंतांनी मकसूदकडे वळून विचारले, “हे काय आहे?”

“लॉरीचे पाटे आहेत, साहेब. त्यांना खडीची सवय. तुम्ही दोघं म्हणजे त्यांना काहीच नाही. ओझं पडलं की बघा, लोण्यासारखी जाईल.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“आधी तुम्ही म्हणालात, दबायला नको. ते नव्हतं बोललात की आत माणसं बसणार आहेत.”

पंतांनी विचार केला. खडी भरावी तर साहेबांना खडीवर बसवावे लागणार. तांदळाची पोती ठेवावीत तर साहेबांना वाटणार, वकील माल वाहतो. अशा विचारात मोटार त्यांना उडवत कार्ल्याच्या फाट्यावरून मळवलीकडे वळली, आणि समोर भाज्याची पाच-सहा माणसे बाजाराची गाठोडी डोक्यावर घेऊन चाललेली दिसली. इतकी वर्षे पंत असल्या माणसांच्या अंगावर धूळ उडवीत पुढे जात आले होते. आज प्रथमच त्यांनी ती माणसे नीट पाहिली, आणि ती सगळी चांगली वजनदार आहेत असे त्यांच्या लक्षात आले.

“थांबव,” ते मकसूदला म्हणाले, आणि बाहेर डोके काढून ओरडले, “या, बसा!”

पुढे चाललेल्या कोंडाजीने मागे वळून पाहिले, वकील कोणाला बोलावतोय म्हणून. मागे कोणीच नव्हते.

“आमाला म्हनता?”

“अरे, तुम्हालाच. भाज्याला जाताय ना? फुकट सोडतो.”

‘फुकट’ ऐकताच सगळे दोन पावले मागे सरले. त्यांचेही बरोबर होते. तारखेच्या दिवशी वकील लोक साक्षीदारांना मोटारीत घालून वडगावच्या कोर्टात नेत, वाटेत भजी खाऊ घालत आणि भजी खाता खाता त्यांनी काय पाहिले ते त्यांना सांगत. वकिलाच्या मोटारीत जो बसला तो साक्षीदार, आणि साक्ष बहुधा शेताच्या बांधाची, हे साऱ्या मावळात पोराटोरांना ठाऊक होते.

“कशाचा कज्जा हाय?” कोंडाजीने विचारले.

“कज्जा नाही. नुसतं बसायचं.”

“काय पाह्यलं म्हनून सांगायचं?”

“काही पाहायचं नाही, काही सांगायचं नाही! गाडीत बसायचं आणि उतरायचं.”

कोंडाजीने शेजारच्या भिमाजीला कोपर मारले. “आत्ता न्हाई फोडत. तारखेच्या दिशी सांगत्यात.”

सगळे चढले. दोघे पुढे मकसूदजवळ, बाकीचे मागे मचाणावर गाठोड्यांसकट. मोटार निघाली, आणि पंतांना नावेत बसल्याचा भास झाला. खड्डे येत होते, पण दुसऱ्या कोणाला तरी. भाजे येईपर्यंत पंतांचा बेत ठरला.

“उद्या सकाळी सगळ्यांनी लोणावळ्याला डाक बंगल्यावर यायचं. आणि हे पाहा, कपडे धुऊन या.”

धुतलेल्या कपड्यांचा विषय निघाल्यावर कोणाच्याच मनात शंका उरली नाही.

“साहेबाम्होरं हाय व्हय?” भिमाजीने दबक्या आवाजात विचारले.

“हो, साहेब असतील.”

“मंग भजी?”

“भजीही देईन.”

रविवारी प्रांतसाहेब डाक बंगल्याच्या पायऱ्या उतरले. साहेब विलायतेतून आलेले, धिप्पाड, आणि मराठीची सरकारी परीक्षा मन लावून उत्तीर्ण झालेले होते. मोटारीवर जिकडेतिकडे पांढरीशुभ्र मंडळी पाहून ते थबकले.

“आपल्या दर्शनाला आलेली रयत, साहेब,” पंत लवून म्हणाले. “आपल्याला सोडवत नाही त्यांना.”

साहेब प्रसन्न झाले. मोटार निघाली. वलवण मागे पडले, कार्ल्याचा फाटा आला, आणि साहेबांच्या मांडीवरची टोपीसुद्धा हलली नाही.

“आपली गाडी फार मृदू आहे,” साहेब म्हणाले. “आणि आपण तीत शेतकरी लोकांस बसविता. मला वाटते, अशा गृहस्थांची नावे सरकारास कळली पाहिजेत.”

पंतांच्या डोळ्यांत पाणी आले. नवीन वर्षाची यादी त्यांना अक्षरांसकट दिसू लागली. तेवढ्यात साहेबांना रयतेशी दोन शब्द बोलण्याची लहर आली. त्यांनी मागे वळून मचाणावरच्या कोंडाजीला विचारले, “तुम्ही कोण?”

कोंडाजी या प्रश्नाचीच वाट पाहत होता. त्याने टोपी सारखी केली आणि हात जोडले.

“साहेब, आमी सवताच्या डोळ्यांनी पाह्यलं. बांद वकीलसाहेबांच्या मानसाचाच हाय.”

“कोणता बांध?”

“जो हाय त्योच.”

“कोणत्या गावचा?”

“ज्या गावचा हाय त्याच गावचा, साहेब. आमी दुसऱ्या गावचा कशाला सांगू?”

“वाडवडलांपासनं,” भिमाजीने पुस्ती जोडली.

साहेबांनी मोटार थांबवली. त्यांचा चेहरा कचेरीतला झाला होता. “वकीलसाहेब, बांधांची अपिले माझ्यापुढे चालतात. आपण साक्षीदार घेऊन माझ्या शेजारी बसला आहात.”

“साहेब, माझं असं एकही अपील नाही! ही माणसं साक्षीदार नाहीत.”

“मग कोण आहेत?”

तासभरापूर्वी ती रयत होती. “वजन आहेत, साहेब.”

“आमी?” कोंडाजी दुखावला. “शपथंवर सांगतो, आमी साक्षीदारच हाओत.”

“कोंडाजी,” पंत कळवळून म्हणाले, “साहेबांना खरं सांग. मी तुला काही पढवलंय का?”

“न्हाई साहेब! काय बी पढवल्यालं न्हाई.” कोंडाजी क्षणभर थांबला आणि साहेबांना समजावे म्हणून पुढे म्हणाला, “आसं कुनी इचारलं तर न्हाईच म्हनायचं, येवडं कळतं आमाला.”

पंतांनी मग पाट्यांची सगळी हकिकत सांगितली. शेटजींची मोटार, सागवानी छप्पर, वलवणची लॉरी. साहेबांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

“या जिल्ह्यात मी पुष्कळ खुलासे ऐकले,” ते म्हणाले. “हा नवीन आहे. याला पुरावा काय?”

“पुरावा...” पंतांनी मागे पाहिले. त्यांच्याजवळ साक्षीदारांखेरीज काही नव्हते. “पुरावा मोटार आहे, साहेब. हे लोक उतरले की आपोआप मिळेल.”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळले, पण साहेबांनी हुकूम दिला होता. “सर्वांनी उतरावे. गाडी चालवा.”

मकसूद कळवळून मागे वळला. “वकीलसाहेब, खरंच चालवू?”

रावसाहेब व्हायचे असेल तर साहेबांना उडवून चालणार नव्हते, आणि उडवले नाही तर वकिली जाणार होती. पंतांनी मान हलवली. मोटार निघाली.

मळवलीच्या रेल्वे फाटकापर्यंतचा रस्ता फार लांब नाही, पण पुराव्याला पुरला. पहिल्या खड्ड्यात साहेबांनी टोपी डोक्यावर घातली, ही चूक झाली. दुसऱ्या खड्ड्यात ती छपराला लागून त्यांच्या नाकापर्यंत आली. पुढे बैलगाड्यांची चाकोरी होती. तिथे साहेब आणि पंत आळीपाळीने वर जात राहिले. एकदा दोघे एकदमच गेले आणि वर हवेत एकमेकांकडे पाहून खाली आले. पितळी कठडा साहेबांनी धरला तो साहेबांच्या हातात आला. फाटक बंद होते म्हणून मोटार थांबली.

साहेबांनी कठडा नीट मांडीवर ठेवला. मग टोपीतून बाहेर आले. माणूस न्यायी होता.

“आपले म्हणणे पूर्णपणे सिद्ध झाले,” ते म्हणाले. “आपण निर्दोष आहात. ते लोक वजनच आहेत.”

“साहेबांची कृपा.”

“मी आगगाडीने परत जातो.” साहेब कंबर धरून उतरले. उतरताना त्यांनी कठडा पंतांच्या हाती दिला. “ज्या नावाविषयी मी बोललो, ते माझ्या लक्षात राहील. परंतु यादीसाठी नव्हे.”

ते मळवली स्टेशनाकडे लंगडत निघून गेले. फाटक उघडले. मकसूदने मोटार पुढे घेतली नाही, आणि पंतांनी त्याला घ्यायला सांगितलेही नाही. वीस वर्षांच्या वकिलीत साक्षीदार खाली उतरवून जिंकलेला हा त्यांचा पहिलाच खटला होता.

मागून धापा टाकत कोंडाजी आणि मंडळी आली. धुतलेल्या कपड्यांवर रस्त्याची धूळ बसली होती.

“साहेब कुटं गेलं?”

“स्टेशनवर.”

“म्हंजी झाला निकाल? जितलो न्हवं आपुन?”

“जिंकलो,” पंत म्हणाले.

“मी म्हनलोच हुतो,” कोंडाजी मचाणावर चढत म्हणाला. “म्या सांगितलं तवाच साहेबाचं तोंड पडलं. पटलं त्याला.”

एकेक करून सगळे चढले. दमलेली मंडळी ऐसपैस बसल्याने भिमाजीला मागे जागा उरली नाही. तो पायरीवर लोंबकळू लागला. पंतांनी त्याच्याकडे पाहिले, साहेबांच्या जागेवर पडलेला धोंड्याएवढा खळगा पाहिला आणि सोफ्यावर थोडे सरकले. भिमाजी शेजारी येऊन बसला. मोटार अलगद खाली आली आणि लोण्यासारखी निघाली.

रेल्वे फाटक मागे पडले. मग भिमाजीने जरा संकोचत विचारले, “वकीलसाहेब, आन बांद?”

पंतांनी मांडीवरचा कठडा सारखा केला.

“बांध आपलाच ठरला,” ते म्हणाले.