कान, गोल गोल आणि सर

सुट्टीच्या दिवशी सकाळी पावणेनऊला सरांनी ठरवलं की आज फोनला हात लावायचा नाही. निर्णय तसा बारीकसा होता, पण सरांना बारीकसं काही करता येत नसे. त्यांनी तो बायकोला उंबऱ्यावर उभं करून दोन मुद्द्यांत समजावून सांगितला. तिची रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ड्यूटी होती आणि तिला आधीच उशीर झाला होता.

"फोन बंद नका करू," ती चपला घालता घालता म्हणाली. "बारा वाजता स्पीच थेरपिस्टबाईंचा फोन येणार आहे. खारू दिवसभरात काय काय खुणा करते ते त्यांना सांगायचंय. वहीत लिहा."

"खुणा चालवून घेतल्या तर ती बोलेल कशाला?" सर म्हणाले.

"त्या म्हणाल्यात, खुणा थांबवायच्या नाहीत. ती जे दाखवेल त्याला आपण शब्द जोडायचा."

"त्यांचा अनुभव किती?"

बायको उत्तर न देता जिना उतरली. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर माणसं असाच जिना उतरतात.

सर म्हणजे कुठल्या शाळेतले सर नव्हेत. मोठमोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना 'प्रभावी संवाद' शिकवण्याचा त्यांचा धंदा होता. ऐकावं कसं यावर ते सलग तीन तास बोलत. (मध्ये चहा.) आजवर हजारभर माणसांनी त्यांचं बोलणं संपल्यावर टाळ्या वाजवल्या होत्या आणि त्या कशासाठी वाजल्या असतील असा संशय सरांच्या मनाला कधी शिवला नव्हता. अशा या माणसाच्या पोटी अडीच वर्षांची मुलगी होती आणि ती बोलत नव्हती. 'आ', 'म्म' आणि एक लांबलचक 'उं', संपलं शब्दभांडार. ऐकू नीट येत होतं, सांगितलेलं सगळं कळत होतं, फक्त शब्द यायचा होता. लाडाचं नाव खारू, कारण हाताला लागेल ती वस्तू खारीसारखी दोन्ही हातांत धरून ती आधी तिची तपासणी करायची.

थेरपिस्टबाईंनी काळजी करण्यासारखं काही नाही, पण लक्ष द्या असं सांगितलं होतं. बायको लक्ष देत होती. सर काळजी करत होते, कारण ती बसल्या बसल्या करता येते.

तर सरांनी फोन पायजम्याच्या खिशात टाकला, वही घेतली आणि पट्टीने चार रकाने आखले: वेळ, खूण, अर्थ, शेरा.

नऊ दहाला खारूने त्यांच्यासमोर येऊन दोन्ही हात वर केले. सरांनी लिहिलं: 'व्यायामाची आवड.' खारू थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग हात खाली घेऊन स्वतःच खुर्चीवर चढली. साडेनऊला तिने पोटावर थापट्या मारल्या. सरांनी लिहिलं: 'शरीराच्या अवयवांची ओळख. समाधानकारक.' तिने पुन्हा थापट्या मारल्या आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. सर म्हणाले, "पोट. म्हण, पो-ट." खारूने बापाकडे जरा वेळ पाहिलं, आत जाऊन बिस्किटांचा डबा स्वतःच ओढून आणला आणि झाकण उघडण्यासाठी त्यांच्यापुढे आपटला. त्यात टेबलावरचा दुधाचा पेला कलंडून सगळं दूध सरांच्या पायजम्यावर गेलं.

सरांनी पायजमा बदलला. ओला पायजमा कालच्या कपड्यांबरोबर वॉशिंग मशीनमध्ये कोंबला, पावडर घातली, बटण दाबलं. घरकामात हातभार लावल्याचं समाधान चेहऱ्यावर घेऊन ते पुन्हा वहीशी येऊन बसले.

खारू मात्र मशीनपाशीच राहिली. त्या मशीनला पुढून गोल काच होती आणि तिला त्या काचेसमोर फतकल मारून बसायला फार आवडे. बाबांचा पायजमा फिरत होता. पायजम्यातून काहीतरी काळं, चपटं बाहेर पडलं, काचेवर आपटलं, वर गेलं, पुन्हा आपटलं. टक. टक. खारू उठली आणि धावत बाहेर आली.

तिने एक हात कानाला लावला, मग बोटाने हवेत गोल काढला. कान, गोल. कान, गोल.

"बोल," सर म्हणाले. "खूण नको. शब्द."

खारूने त्यांचं बोट धरून ओढलं.

"ओढाओढ नाही. आपण बसून, डोळ्याला डोळा भिडवून बोलू." हे वाक्य त्यांच्या कार्यशाळेच्या दुसऱ्या तासातलं होतं. त्यांनी तिला उचलून समोर बसवलं. तिने हात कानाला लावला, बोट मशीनच्या दिशेला केलं आणि पुन्हा गोल काढला. आतून टक, टक असा आवाज येतच होता. तो शेजारच्या घरापर्यंत जात असावा. सरांपर्यंत तो पोचला नाही.

मग खारूने मोठ्याने सांगायचं ठरवलं. मोठी माणसं आवाज चढवतात, तिच्याकडे चढवायला आवाज नव्हता, म्हणून तिने खूण चढवली. तळहाताने कानावर फाडफाड मारलं. एका बोटाचा गोल बापाला दिसत नसेल म्हणून ती उठून स्वतःच गरगर फिरली. तीन फेऱ्या झाल्या आणि ती धपकन खाली बसली.

सरांच्या हातातली पेन्सिल थांबली. कान आणि चक्कर.

वहीत त्यांनी लिहिलं, 'कान दुखतो. तोल जातो.' शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. इतका वेळ पोरगी जीव तोडून सांगत होती आणि आपण तिला शब्द, शब्द करत बसलो, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला. (विचार योग्यच होता, फक्त चुकीच्या वाटेने आला होता.) मुलीचं बोलणं अडलंय ते कानामुळेच, आणि हे कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? दोन महिन्यांपूर्वीच तिच्या कानांची तपासणी झाली होती आणि रिपोर्ट कपाटात होता, हे त्यांना आठवलं नाही. भ्यायलेल्या माणसाला कपाट आठवत नाही.

बायकोला कळवायला हवं म्हणून ते फोन शोधू लागले. उशा उचलल्या, गाद्या उलटल्या, फ्रिजसुद्धा उघडून पाहिला. खारू त्यांच्या मागे मागे कानावर हात मारत फिरत होती. बाबा काय शोधताहेत ते तिला कळत होतं आणि ते कुठे आहे तेही ठाऊक होतं. त्या घरात त्या घटकेला सगळी माहिती असलेली ती एकटीच होती.

"हो गं बाळा, दुखतंय ना. निघालोच आपण," सर म्हणाले आणि तिला उचलून दाराकडे निघाले.

दाराशी खारूने भोकाड पसरलं. बापाच्या खांद्यावरून ती मागे, मशीनकडे दोन्ही हात पसरून रडत होती. कळ वाढली, असं सरांना वाटलं आणि ते धावत सुटले. घरातल्या चपला, अंगाला दुधाचा वास, दोन गल्ल्या ओलांडून कानाचा दवाखाना. एरवी त्यांची चाल सभागृहात शिरणाऱ्या माणसाची असे. आज समोरून येणाऱ्या दोघांना धक्का देऊनही त्यांनी माफी मागितली नाही. खारूचं डोकं त्यांनी छातीशी घट्ट धरलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते पाच मिनिटं सलग गप्प होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. वयस्कर, बारीक चणीच्या, कामापुरतं बोलणाऱ्या. त्यांनी खारूच्या दोन्ही कानांत दिवा घालून पाहिलं.

"कान स्वच्छ आहेत."

"आत खोलवर असेल काही."

"खोलवरच पाहिलं मी. ताप आहे? सर्दी? झोपेत कण्हते?"

"नाही."

"मग दुखतंय कशावरून म्हणता?"

"तिने सांगितलं."

"बोलते का?"

"बोलत नाही. पण तिच्या खुणांचा मी सकाळपासून अभ्यास करतोय. संवाद हा माझाच विषय आहे." सरांनी वही पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दोन नोंदी वाचल्या, चष्म्यावरून सरांकडे पाहिलं आणि वही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली.

तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला मात्र, खारू सरांच्या मांडीवर उभीच राहिली. तिने त्या फोनकडे बोट केलं, आपल्या कानावर हात ठेवला, मग सरांच्या छातीवर बोट टोचलं आणि हवेत गोल काढला. सरांनी तिचा हात खाली दाबला. तिने तो सोडवून घेतला आणि सगळं पुन्हा केलं, या वेळी डॉक्टरीणबाईंकडे बघून.

डॉक्टरीणबाईंनी फोन ठेवला. "तुमचा फोन कुठे आहे?"

"सापडत नाहीये."

"सकाळी कुठे होता?"

"पायजम्याच्या खिशात."

"आणि पायजमा?"

सरांनी अंगावरच्या दुसऱ्या पायजम्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई खारूकडे वळल्या. "बाबांचा फोन?" खारूने हो म्हणून मान हलवली. "गोल फिरतोय? पंख्यावर आहे?" नाही. "मशीनमध्ये? कपड्यांच्या?"

खारूने एक मोठा श्वास सोडला आणि ती सरांच्या मांडीवर सैलपणे टेकून बसली. चार कचेऱ्यांत हेलपाटे घालून शेवटी योग्य खिडकी सापडलेला माणूस असाच बसतो.

"दोन खुणा जोडून वाक्य करते ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शिवाय एकाला कळलं नाही तर दुसऱ्याला विचारते. छान लक्षण आहे. घरी मशीनचा आवाज येत नव्हता का? आपटत असेल तो आत."

"काय?" सर म्हणाले.

"आवाज. येत नव्हता का?"

"अं?"

डॉक्टरीणबाई उठल्या. "तिला खुर्चीवर बसवा आणि तुम्ही या स्टुलावर या."

पुढची दहा मिनिटं वर्णन करण्यासारखी नाहीत. सरांच्या उजव्या कानातून कोमट पाण्याच्या पिचकारीबरोबर जे निघालं ते पाहून आत आलेली नर्स पुन्हा बाहेर गेली. डाव्यातूनही निघालं. खारू खुर्चीत पुढे सरकून, तोंड उघडं टाकून सगळं बघत होती. स्टुलावरून उठल्यावर सरांना कळलं की दवाखान्यातला पंखा कुरकुरतो, रस्त्यावर पुष्कळ माणसं बोलत असतात आणि आपला स्वतःचा आवाज बऱ्यापैकी कर्कश आहे.

"कधीपासून होतं हे?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ दिवसांचं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऐकायला कुणी सांगितलं नाही का कधी?"

घरी आले तोवर मशीन थांबलं होतं. फोन स्वच्छ निघाला. इतका स्वच्छ की त्यात काहीच उरलं नव्हतं. सरांनी तो पंच्याने पुसला, झटकला, उन्हात ठेवला आणि शेवटी त्याच्याशी थोडं बोलूनही पाहिलं. खारूने त्याच्यावर एकदा फुंकर मारली आणि दोन्ही हात पालथे केले. संपला. ही खूण सरांना एका फटक्यात कळली, पण वहीत लिहायला त्यांचा हात उचलला नाही.

साडेबाराला बायको धापा टाकत आली. थेरपिस्टबाईंनी बारापासून चार वेळा फोन केला, लागेना, म्हणून त्यांनी तिला कळवलं आणि ती ड्यूटी अर्धी टाकून निघाली होती. दारातूनच तिने खारूला उचललं, सगळीकडून चाचपून पाहिलं आणि मग विचारलं, "काय झालं?"

"त्याचं असं झालं," सर सुरू झाले, "की मुळात संवादाच्या प्रक्रियेत..."

"तुम्ही थांबा. ती सांगतेय."

खारू खरंच सांगत होती. आईच्या कडेवरून खाली उतरून, मोकळी जागा घेऊन, हातवारे करत. बायको प्रत्येक खुणेला शब्द जोडत गेली. पोटावर थापट्या. "भूक लागली होती." हात पालथे. "दिलं नाही." कान, गोल. "फोन मशीनमध्ये गेला?" मान जोरात खाली. मग खारूने चारी बोटं अंगठ्यावर टेकवून हाताची चोच केली आणि ती उघडझाप, उघडझाप केली. बायकोने ओठ आवळले आणि इथे काही शब्द जोडला नाही. पुढे हात वर. "उचलून नेलं." मग बोट कानात, जोरात ढवळल्यासारखं, आणि शेवटी दोन्ही हात फाकवून हे एवढं मोठं.

"हे एवढं?" बायकोने सरांकडे पाहिलं.

"एवढं नव्हतं," सर म्हणाले. "बाकी सगळं बरोबर आहे. फक्त मध्येच ते बदक कुठून आलं? बदक आम्ही कुठेच पाहिलं नाही."

"बदक नाही ते."

"मग?"

"ते तुम्ही." बायको पदराने खारूचं तोंड पुसत होती आणि वर बघत नव्हती. "सहा महिने झाले. तुमची तीच खूण आहे."

यावर खुलासा करणं आवश्यक होतं. सरांनी घसा खाकरला, दोन पावलं पुढे आले आणि तोंड उघडलं.

खारूनेही हात वर करून चोच उघडली.

सरांनी तोंड मिटलं. खारूने चोच मिटली.