टेंबेकाकांचं निरोगी रक्त

आमच्या झाशीतल्या ओरछा गेटच्या गल्लीत ठणठणीत असूनही आपणहून सुई टोचून घ्यायला जाणारा एकच माणूस आहे, टेंबेकाका. बरं, गपचूप टोचून घ्यावी की नाही? तिथेही भांडण!

रेल्वे कारखान्यात मापं तपासण्यात काकांची उभी नोकरी झाली. कुठलंही माप दिसलं की हे विचारणार, "ठरवलं कुणी?" गेल्या वर्षी सुमनकाकूंचे सांधे सुजले. डॉक्टरांनी रक्तातलं इंटरल्युकिन बघायला सांगितलं. शरीरात कुठे सूज-ताप असला की पेशी ज्या प्रथिनांकरवी एकमेकींना वर्दी देतात, त्यांतलंच हे एक. काकूंचा आकडा छापील मर्यादेबाहेर गेला आणि काका लॅबवर तुटून पडले.

"ये नॉर्मल है किसका, भैया?"

"स्वस्थ लोगों का, अंकल जी. कंपनी से छपकर आता है."

"कौन लोग? कहाँ के?" मग सोबत गेलेल्या माझ्याकडे वळून मराठीत, "झाशीच्या मे महिन्यात गच्चीवर निजलेत का कधी ते?"

मुद्दा अगदीच खोटा नव्हता, म्हणून तर जास्त संताप यायचा. त्यावर काकांचा तोडगा असा, की एकाच चुलीवरचं खाणारा निरोगी माणूस म्हणजे ते स्वतः, तेव्हा काकूंचं माप त्यांच्यावरून ठरणार. काकूंबरोबर तेही दर वेळी रक्त देऊ लागले. त्यात सोवळं केवढं! शिंक आली, तपासणी पुढे. दाढ ठणकली, पुढे. कारखान्यात माल ज्याच्याशी ताडून बघतात ते गेज, आणि काकांचं म्हणणं, "बिघडलेल्या मालावरून गेज बनत नाही." आणि दर वेळी काका मर्यादेच्या आत, काकू बाहेर.

काकूंनी हाय खाल्ली. औषधानं आटोक्यात येणारं दुखणं आहे, हे सांगून डॉक्टर थकले. पण काकू आवराआवरीला लागल्या, साड्या वाटू लागल्या. मला जांभळी चंदेरी दिली. घरी येऊन मी रडले आणि चिडले ती काकांवरच. बायको खचत चालली आहे आणि हा माणूस माप धरून बसलाय!

पुढच्या खेपेला दोघांना मीच लॅबमध्ये नेलं. काकांचा हात धरला तर चटका बसला.

"काका, ताप आहे तुम्हाला! बिघडलेल्या मालावरून गेज बनत नाही ना?"

"धीरे बोल." बाहेर बाकावर बसलेल्या काकूंकडे बघत ते कुजबुजले, "आज बनवायचंय."

रिपोर्ट आला. काकांचा आकडा काकूंच्याही वर! काकांनी कागद नाचवला. "बघ सुमन, आपल्या घराचं नॉर्मलच हे. उगाच घाबरलीस!" मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू माझ्या दारात.

"माझी साडी दे परत."

"काकू?"

"रक्त दिलं त्या दिवशी अंग भाजत होतं यांचं. मला कळत नाही होय? आयुष्यभर मापात खोट चालली नाही या माणसाला, आणि आता माझ्यासाठी..." त्यांनी सुजल्या बोटांनी डोळे पुसले. "धड खोटंही बोलता येत नाही गं यांना. कुणाच्या भरवशावर सोडून जाऊ?"

मी चंदेरी काढून दिली. तिची घडी मी मोडलीच नव्हती.