माउसला हात न लावणारे गजभिये काका

आमचे शेजारी गजभिये काका कॉम्प्युटर दुरुस्त करतात ते हात पाठीमागे बांधून. थट्टा नाही. ते तुमच्या खुर्चीमागे उभे राहतात, उजव्या हाताने स्वतःचंच डावं मनगट घट्ट धरतात आणि सगळं तुमच्याकडून करून घेतात. एकदा प्रिंटर रुसला म्हणून मी त्यांना बोलावलं. मी हॉस्पिटलातली लांबलचक ड्युटी संपवून आले होते, पायांचे तुकडे पडत होते. म्हटलं, "काका, तुम्हीच बघा ना जरा."

"मी काहून बघू? प्रिंटर कोणाचा, तुमचा न? मंग घ्या माउस हाती. आधी सांगा, शेवटी काय केलं होतं?"

शेवटी मी त्या प्रिंटरला एक सणसणीत चापट मारली होती. तेही त्यांनी वहीत लिहून घेतलं.

काका मूळचे वर्ध्याचे फार्मासिस्ट. माझ्याहून पंधराएक वर्षांनीच मोठे, पण माझी मुलगी काका म्हणते म्हणून मीही म्हणते. इकडे न्यूझीलंडमध्ये, पापाकुराला आल्यावर इथल्या फार्मसीच्या परीक्षा नव्याने द्यायच्या होत्या. पुस्तकंही आणली होती. तेवढ्यात काकू आजारी पडल्या आणि वर्षभरात गेल्या. परीक्षा राहिली ती राहिलीच. त्यांची मुलगी वेलिंग्टनला नोकरीला. काका जवळच्या मनुरेवाच्या एका गोदामात कामाला लागले आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी एक दिवस सरळ पॉलिटेक्निकमध्ये जाऊन कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला नाव घालून आले.

"बाप्पा, बारावीचे मार्कही नाही विचारले त्यांनी! फक्त म्हणे, शिकायचं आहे का?"

वर्गात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत येणारी एकोणीस वर्षांची पोरं आणि मधे इस्त्रीच्या शर्टातले काका. नोट्स मात्र पोरं त्यांच्याच मागायची. काका अभ्यासही औषधाची चिठ्ठी लिहून दिल्यासारखा करायचे. 'बॅकअप: दिवसातून एकदा, रात्री जेवणानंतर. चुकल्यास दुप्पट घेऊ नये.' हा कागद मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

हात बांधायची सवय त्यांना लावली आरोहा मॅडमनी, म्हणजे त्यांच्या शिक्षिकेने. पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं, ज्याला उद्या ते काम एकट्याने करायचंय, माउस त्याच्याच हातात राहिला पाहिजे. पोरं दुसऱ्या दिवशी विसरली. काकांनी त्याचं व्रत केलं. माझ्या गाडीच्या चाकात हवा भरायची होती तरी हे आपले बाजूला उभे, "नळी तुम्ही धरा, ताई."

डिप्लोमा झाला, पण नोकरी मिळेना. मग आरोहा मॅडमनीच एका विमा कंपनीतली हेल्पडेस्कची जागा सुचवली. तिथल्या माणसांचा कॉम्प्युटर अडला की ज्याला फोन करायचा, तो माणूस त्यांना हवा होता. मुलाखतीची तयारी मी करून घेतली. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की काका दर वेळी वर्ध्याच्या हवामानापासून सुरू करायचे. मी तीन वेळा ओरडले, चौथ्यांदा हात टेकले.

मुलाखतीहून आले ते पडलेल्या चेहऱ्याने. समोर एक बिघडलेला लॅपटॉप ठेवला होता म्हणे, वीस मिनिटांत सुरू करायचा. काकांनी हात मागे बांधले आणि मुलाखत घेणाऱ्या बाईंनाच सांगितलं, "तुम्ही बसा, मी सांगतो." बाई बिचाऱ्या चाचपडत एकेक क्लिक करत बसल्या. वेळ संपली. लॅपटॉप बंद तो बंदच.

माझं डोकंच फिरलं. "अहो, एकदा तरी हात लावायचा! परीक्षा तुमची होती, त्यांची नव्हे! आता बसा त्या गोदामात जन्मभर!"

काका 'येतो ताई' म्हणून गेले. मला वाईट वाटलं, पण मी त्यांच्याकडे गेले मात्र नाही.

पाच दिवसांनी ते स्वतःच कुंपणापाशी आले. नोकरी लागली होती! त्याच बाईंचा फोन आला होता. दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन त्या पुन्हा बसल्या, काकांनी सांगितलेल्या पायऱ्या आठवून उरलेलं एकट्याने केलं आणि तो सुरू झाला. आयुष्यात पहिल्यांदा एखादं मशीन माझ्या हातून सुरू झालं, असं त्या म्हणाल्या. फोनवर तसेही कोणाचे हात पोचत नाहीत, तिथे असाच माणूस हवा, असंही.

मी आनंदाने ओरडलेच. मग म्हटलं, "पण काका, एवढा ध्यास का घेतलात? गोदामातही बरं चाललं होतं की."

ते कुंपणाच्या फळीकडे बघत म्हणाले, "ताई, गोदामात कानाले हेडफोन राहते. त्यात मशीन बोलते. अमुक रांग, तमुक कप्पा, दोन खोके. आपण फक्त 'येस' म्हणायचं. दुसरं काही बोललं तं मशीनले समजत नाही. घरी आलो तं तुमची काकू नाही. कधी कधी आठवडा जाते, 'येस'शिवाय शब्द नाही निघत तोंडातून. आता दिवसभर लोकं फोन करतील. माझ्याशीच बोलतील न?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं आमची भिंतीला भिंत. मी त्यांच्या दारात कधी गेले? प्रिंटर अडला, वायफाय गेलं, मुलीचा टॅब्लेट पडला तेव्हा. माणूस एकटा आहे हे मला माहीत होतं आणि तरी मी फक्त माझी कामं घेऊन जात होते.

शनिवारी सकाळी त्यांचं दार वाजवलं.

"बोला ताई, काय बंद पडलं?"

"काही नाही. चहा प्यायला आले."

काका दारातच उभे राहिले. मग एकदम, "या न, या न," करत खुर्चीवरचे कपडे उचलायला धावले. दोन कप सापडायलाच वेळ लागला. चहाचं पाणी दोनदा आटलं, कारण ते मधेच थांबून बोलत होते. वर्ध्याचं दुकान, काकूंचा हट्टी स्वभाव, इथली पहिली थंडी. तिसऱ्यांदा पाणी ठेवलं तेव्हा म्हणाले, "तुमाले उशीर तं नाही होऊन राहिला?"

"नाही हो," मी म्हटलं, "आज मला कुठेच जायचं नाही."