सू-हुईचे निष्कलंक साठ दिवस

माणसाचं नाव आईबाप ठेवतात. ते खराब करायला मात्र सगळा देश मोकळा असतो. तैवानात, निदान दोउलिऊ गावात, याबद्दल दुमत नाही. लिन सू-हुई बाई तर गेली अकरा वर्षं हे सप्रमाण सिद्ध करत होत्या, तेही बिनपगारी.

'दोउलिऊ सू-हुई मंडळा'च्या त्या संस्थापक चिटणीस. सभासद चौदा, सगळ्यांचं नाव सू-हुई, सर्वांत धाकटी सत्तेचाळीस वर्षांची. (तिला 'युवा आघाडी' म्हणत.) दर गुरुवारी न्याहारीच्या दुकानात बसून देशभरातल्या सू-हुईंच्या बातम्यांची कात्रणं काढायची. सत्कृत्य असेल तर शुभप्रसंगीच्या, कासवाच्या आकाराच्या लाल वड्या वाटायच्या. दुष्कृत्य असेल तर देवळात जाऊन मंडळाच्या वतीने माफी मागायची. अकरा वर्षांचा अहवाल असा : शौर्य व सचोटी ३१ टक्के, पार्किंगवरून भांडणं ४४ टक्के, विक्रमी भोपळे ६ टक्के, उरलेला वाटा दंतवैद्यांना चावण्याचा. (चावणारी एकच, दंतवैद्य बरेच.)

अशातच लिनबाईंना नात झाली.

"सू-हुईच ठेवू या," त्या म्हणाल्या.

सून पेइ-च्युन बाळंतिणीची, तिळाच्या तेलातली कोंबडी खात होती. हाड बाजूला ठेवून तिनं विचारलं, "आई, परवा नवऱ्याच्या डोक्यात भाताचा कुकर घातला ती कोण?"

"ती गाओ सू-हुई. तिचं जरा चुकलंच."

"आणि देवळातली दानपेटी घेऊन पळाली ती?"

"पळाली कुठली! दहा पावलांवर धापा टाकत बसली बिचारी."

"बरं. नावनोंदणीला साठ दिवस आहेत. तेवढ्यात एकाही सू-हुईनं पेपरात दिवे लावले नाहीत, तर ठेवू. एक जरी सापडली, तर माझं योंग-छिंग."

लिनबाईंनी अट मान्य केली. नवी सू-हुई आली नाही, तर गावातलं हे नाव आपल्या चौदाजणींबरोबरच संपणार, हे त्यांना दिसत होतं.

मंडळानं आचारसंहिता काढली. पत्ता मिळेल त्या प्रत्येक सू-हुईला पत्र गेलं : साठ दिवस गाडी बाहेर काढू नये, दानपेटीजवळ रेंगाळू नये, दातदुखी सोसावी. नवल म्हणजे बायकांनी ऐकलं. अठराव्या दिवशी वू सू-हुईनं कालव्यात पडलेला पोस्टमन बाहेर ओढला. तिसाव्या दिवशी त्साई सू-हुईनं सापडलेलं हिऱ्याचं कानातलं परत केलं. पन्नासाव्या दिवशी शू सू-हुईनं शेजारणीला स्वतःची किडनी दिली. (भांडण याच शेजारणीशी होतं, पार्किंगवरून.) वड्या खाऊन खाऊन मंडळाला कपडे होईनात.

एकोणसाठाव्या दिवशी न्याहारीच्या दुकानातला एकुलता एक पेपर पान आडनावाचे एक म्हातारे गृहस्थ घेऊन बसले होते.

"अरेच्चा! या सू-हुईनं बघा काय करून ठेवलंय!"

"काय केलं? द्या इकडे!" लिनबाई उठल्या.

"थांबा की बाई, वाचतोय ना मी!"

"द्या म्हणते ना!"

पेपर फाटला. सोयाबीनचं गरमागरम दूध पान आजोबांच्या मांडीवर सांडलं, त्यांची कवळी कढईत पडली, आणि पोलीस आले. बातमी भोपळ्याची होती. (दोनशे बारा किलो.)

साठाव्या दिवशी पहिल्याच पानावर, फोटोसह : 'वृद्धावर गरम दूध; लिन सू-हुई (६३) ताब्यात'. युवा आघाडीनं देवळात जाऊन माफी मागितली. पेइ-च्युननं नोंदणी कचेरीत योंग-छिंग नाव लावलं. त्या महिन्यातली ती एकोणिसावी योंग-छिंग, असं कारकुनानं कौतुकानं सांगितलं.

घरी लिनबाई नातीला मांडीवर घेऊन मनसोक्त रडल्या.

"त्या तिघींनी एवढं केलं, त्यांचं कुणाला काही नाही. माझं तेवढं गावभर झालं!"

"लोक असेच असतात, आई," सून म्हणाली, आणि आपल्या वाटीतली कोंबडी तिनं सासूला दिली.

आमचे वाचक अर्थातच तसे नाहीत. तेव्हा वर न बघता त्यांनी सांगावं : पोस्टमनला ओढणारीचं आडनाव काय, कानातलं देणारीचं काय, आणि किडनी देणारीचं काय? (दूध सांडणारीचं सांगू नये. ते सगळ्यांना पाठ आहे.)