अठ्ठेचाळीस तासांची ड्यूटी

"सर, हा नंबर तुमचा नाही, मॅडमचा आहे," नोंदणीच्या टेबलामागची मुलगी म्हणाली आणि भूगोलाच्या सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

चारशे मीटरच्या ट्रॅकवर अठ्ठेचाळीस तासांत जमतील तेवढ्या फेऱ्या मारायच्या, अशी ती शर्यत होती. सर अकरा महिने तयारी करत होते. किती वाजता काय खायचं, कोणते मोजे कधी बदलायचे, याचा सात रंगांतला तक्ता त्यांनी केला होता. फक्त अर्ज भरायच्या दिवशी त्यांचा फोन बिघडला, म्हणून बायकोचा घेतला. त्या आगाऊ फोनने नाव, वय, सगळं आपणहून भरून टाकलं. बायकोचं. सरांनी न वाचता बोट दाबलं. 'प्रश्न नीट वाचा' असं ते बावीस वर्षं मुलांना बजावत आले होते.

"नाव बदलून द्या ना."

"नाही बदलत, सर. अर्जावर ठळक अक्षरांत लिहिलंय."

बायको शेजारीच केळ्यांची पिशवी घेऊन उभी होती. ती सरकारी इस्पितळात सिस्टर होती आणि ड्यूटी संपवून पांढऱ्या बुटांसकट थेट मैदानावर आली होती.

"मग चला घरी," ती म्हणाली. "मला झोप आलीये."

"घरी कसं जाणार? अख्खी शाळा फेऱ्यांचा आकडा फोनवर बघत बसलीये. हेडमास्तरांनी हार घालून पाठवलंय मला!" सरांनी आवाज खाली आणला. "अगं, आकड्यासमोर नुसतं आडनाव दिसतं. तू पंचवीस फेऱ्या चाल. मग पोटात दुखतंय म्हणून बाहेर ये. माझं नाक तरी राहील."

"आणि पोट माझं दुखायचं?"

तपासणीच्या डॉक्टरांनी तिचं ब्लडप्रेशर घेतलं. "उत्तम." सरांचा चेहरा बघून त्यांनी सरांचंही घेतलं आणि गंभीर झाले. "तुम्ही मात्र खुर्चीतच बसा."

तर सकाळी दहाला सिस्टर चालू लागली. पंचवीस फेऱ्या झाल्या. सरांनी पोटावर हात ठेवून खूण केली. तिने मान हलवली आणि पुढे गेली. पन्नासाव्या फेरीला ते ट्रॅकच्या कडेने तिच्याबरोबर धापा टाकत निघाले.

"अगं, पोट!"

"बरं आहे की. अहो, किती छान आहे इथे. कुणी बेल वाजवत नाही, कुणी सलाईन संपलं म्हणून ओरडत नाही. चहा आणा."

"तक्त्यात चहा नाहीये!"

"मग तक्ता गुंडाळा आणि चहा आणा."

दुपारी हेडमास्तरांचा फोन आला. "सर, मानलं तुम्हाला! पायाला भिंगरी लावलीये की काय? आणि दम अजिबात लागलेला दिसत नाही!" सर केळं सोलत होते. "नाही, अजून तसा नाही," ते म्हणाले आणि त्यांना आपलीच लाज वाटली.

सुरुवातीला हरणासारखे पळालेले तेवीस जण दुसऱ्या दिवशी एकेक करून खुर्च्यांत कोसळू लागले. सिस्टरची चाल मात्र वॉर्डातलीच, ना एक पाऊल जास्त, ना कमी. वीस मिनिटं डोळा लावायचा आणि हाक मारली की ताडकन उठायचं, हे ती नोकरीतच शिकली होती. जाता जाता ती खुर्चीतल्यांना दटावायची, "पाय वर ठेवा! पाणी प्या! रडायचं नाही!" आणि भलेभले गडी निमूट पाणी प्यायचे.

शेवटच्या दिवशी सकाळी तिच्यापुढे एकच जण उरला होता, पांढऱ्या टोपीवाला एक तरुण, चार फेऱ्यांनी पुढे. तो अचानक मटकन खाली बसला. तळव्यांना सुपारीएवढे फोड आले होते.

"चल, चल! हीच संधी आहे!" सर ओरडले.

सिस्टर थांबली. "सुई, स्पिरिट, चिकटपट्टी आणा," तिने फर्मान सोडलं.

"अगं, तो प्रतिस्पर्धी आहे!"

"आत्ता पेशंट आहे. आणा."

फोड फोडून पट्ट्या बांधून होईपर्यंत अकरा मिनिटं गेली. तरुण उठला, पण आता त्याला एकेक पाऊल मोजून टाकावं लागत होतं. सिस्टर अजून चार फेऱ्या मागेच होती आणि तासच उरला होता. सरांनी आकडेमोड केली आणि तक्ता फाडून टाकला. मग ते ब्लडप्रेशर विसरून कुंपणाला लटकले आणि घसा फुटेस्तोवर ओरडू लागले.

तो तरुण त्या तासात लंगडत आठ फेऱ्या चालला. सिस्टर तेरा चालली. दहाचा भोंगा झाला तेव्हा फलकावर तिच्या चारशे अठ्ठावीस फेऱ्या होत्या, त्याच्या चारशे सत्तावीस. सगळ्यात आधी टाळ्या त्यानेच वाजवल्या, त्याही उभं राहून.

तेवढ्यात फोन खणाणला. "सर! तुम्ही पहिले!" हेडमास्तर किंचाळले. मागे अख्खी शाळा ओरडत होती.

सरांनी एकदा बायकोकडे पाहिलं. ती कुणाच्या तरी घोट्यावर बर्फ धरून बसली होती.

"मी एक पाऊलही धावलो नाही," ते म्हणाले. "दोन दिवस केळी सोलली आणि तुम्हाला फसवलं. पहिली माझी बायको आली. टाळ्या तिच्यासाठी वाजवा."

 पलीकडे आधीपेक्षा दुप्पट गलका उसळला, आणि सरांनी फोन उंच धरून तो सिस्टरला ऐकवला.

परतताना ती गाडीच्या मागच्या सीटवर, करंडक उशाला घेऊन गाढ झोपली. गाडी थांबली की ती कण्हायची, चालू झाली की घोरायची. घर आलं तरी सर थांबले नाहीत. इमारतीला वळसा घालून पुन्हा फाटकापाशी आले, पुन्हा पुढे गेले. सतराव्या खेपेला वॉचमनने हात केला.

"सर, काही हरवलंय का?"

"हळू बोल," सर काच खाली करून कुजबुजले. "सिस्टर झोपल्यात." आणि त्यांनी अठराव्या फेरीसाठी गिअर टाकला.